एचएमएसच्या डेटाबेसवरच रिपोर्ट काढावेत की वेगळं डेटा वेअरहाउस हवं? (मिरज, १५० खाटा)

कृष्णाकाठ_एमआरडी

नमस्कार मंडळी. मिरजेतल्या १५० खाटांच्या एका ट्रस्ट रुग्णालयासाठी विचारतोय. एचएमएस (रुग्णालयाचं कामकाज चालवणारं सॉफ्टवेअर) एसक्यूएल सर्व्हर २०१७ एक्सप्रेस या फुकट, मर्यादित आवृत्तीवर आहे, डेटाबेस ८.४ जीबी झालाय. ओपीडी रोज ४०० च्या घरात, लॅबच्या निकालांच्या ओळी रोज अडीच हजार. ट्रस्टींना दर महिन्याला खाटांचा वापर, सरासरी मुक्काम, ३० दिवसांत परत दाखल झालेले, महात्मा फुले योजनेचे पैसे किती दिवसांनी जमा होतात आणि रुग्ण कुठल्या तालुक्यातून येतात एवढं हवं असतं. सकाळी अकराला यातला एखादा रिपोर्ट लावला की बिलिंगच्या खिडकीवर नुसतं गोल फिरत राहतं.

क्लाउड वेअरहाउसचं एक कोटेशन आलंय. पण सगळा डेटा तर डेटाबेसमध्येच आहे, मग वेअरहाउसमध्ये जास्तीचं काय मिळतं? की हे नुसतं महागडं नाव आहे?

तंबोरा

दादा, दोन दुखणी एकत्र झालीत. खिडकी अडकते हे एक, आणि आकडे मिळत नाहीत किंवा पटत नाहीत हे दुसरं. पहिल्यासाठी वेअरहाउस लागत नाही, म्हणून ते आधी संपवू.

एक्सप्रेस कितीही रॅम असली तरी बफरसाठी (डेटा मेमरीत धरून ठेवायला) १,४१० एमबीच्या वर वापरत नाही. तुमचा डेटाबेस ८.४ जीबी. रिपोर्टने पाच वर्षांची लॅब टेबल वाचायला घेतली की बिलिंगला सतत लागणारी पानं (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) मेमरीतून बाहेर ढकलली जातात आणि प्रत्येक पावतीला डिस्कवर जावं लागतं. शिवाय रिपोर्ट वाचताना शेअर्ड लॉक (वाचत असताना बदल होऊ न देणारं कुलूप) घेतो, बिलिंगला लिहायला एक्सक्लुझिव्ह लॉक हवा असतो, त्यामुळे दोघे एकमेकांच्या वाटेत उभे. रिपोर्टिंग टूलमध्ये आयसोलेशन (एकाच वेळी चाललेली कामं किती वेगळी ठेवायची ती सेटिंग) ‘रिपीटेबल रीड’ ठेवलं असेल तर लॉक शेवटपर्यंत धरून ठेवले जातात, आणि एका टेबलवर ५,००० च्या आसपास गेले की सर्व्हर अख्ख्या टेबललाच कुलूप घालतो.

यावर ‘नोलॉक’ (कुलूप न घेता वाचणं) लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. पैशाच्या रिपोर्टला तो लावू नका. वाचन चालू असताना पान दुभंगलं तर तीच ओळ दोनदा मोजली जाते किंवा सुटते, आणि रद्द झालेली पावतीही बेरजेत येते. त्यापेक्षा ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ चालू करून घ्या, मग वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. चालू करताना त्या डेटाबेसवर दुसरं कनेक्शन नसावं लागतं, म्हणून रात्री करा. ओळींच्या जुन्या आवृत्त्या टेंपडीबीत (सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसात) जातात, तिथे जागा मोकळी ठेवा. बदललेल्या प्रत्येक ओळीमागे १४ बाइट वाढतात, आणि एक्सप्रेसची दर डेटाबेसला १० जीबीची मर्यादा जवळ आली आहे हे विसरू नका. मर्यादा भरली की नवी पावतीच पडत नाही. त्यामुळे रिपोर्टसाठीच्या तयार टेबली त्याच डेटाबेसमध्ये साठवणं आजपासून बंद.

शून्य_नव्हे_नल

तंबोरांशी सहमत. आता मूळ प्रश्नाकडे येतो.

एचएमएसचा डेटाबेस एकाच प्रकारच्या प्रश्नासाठी बांधलेला असतो: *या* रुग्णाचं *आत्ता* काय चाललंय? नोंदणी क्रमांक टाकला की इंडेक्समधून ८ केबीची तीन-चार पानं वाचून ओळ हाती येते. प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहिलेली असते, म्हणून पत्ता एकदा बदलला की सगळीकडे बदलतो. काउंटरला हेच हवं असतं.

वेअरहाउसचा प्रश्न उलट असतो: *सगळ्यांचं*, *इतक्या काळात* काय झालं? गेल्या पाच वर्षांत तालुकावार सरासरी एचबीएवनसी (मधुमेहाची चाचणी) काढायचं तर लाखो ओळी लागतात, पण प्रत्येक ओळीतल्या चाळीस रकान्यांपैकी तीनच. ओळीने साठवणारा डेटाबेस चाळीसच्या चाळीस रकाने वाचतो. रकान्याने साठवणारा तीनच उचलतो. शिवाय वॉर्डच्या रकान्यात बारा-पंधराच वेगवेगळी नावं असतात, त्यामुळे तो दाबून अगदी छोटा होतो.

पण एवढाच फरक असता तर वेगळ्या वेअरहाउसचं कारण नव्हतं. कॉलमस्टोअर इंडेक्स (रकान्याने साठवायची सोय) एसक्यूएल सर्व्हर २०१६ एसपी१ पासून एक्सप्रेसमध्येही मिळतो. खरा फरक वेगाचा किंवा आकाराचा नाही. डेटाबेस जुनी किंमत पुसून नवी लिहितो, वेअरहाउस जुनीच्या खाली नवी लिहितं.

उदाहरण बघा. बाई जून २०२२ मध्ये अथणीहून आल्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये मिरजेत राहायला आल्या. एचएमएसमध्ये पत्ता बदलला. आता २०२३ चा तालुकावार रिपोर्ट काढला तर त्यांच्या त्या वर्षीच्या सगळ्या भेटी मिरजेत मोजल्या जातात. जानेवारीत छापलेला रिपोर्ट आणि जुलैत काढलेला तोच रिपोर्ट जुळत नाही, आणि मग ट्रस्टींच्या बैठकीत एमआरडीला (वैद्यकीय नोंदी विभागाला) बोल बसतो.

वेअरहाउसमध्ये रुग्णाच्या टेबलात दोन ओळी असतात:

की | नोंदणी क्र. | तालुका | पासून | पर्यंत
४१०७ | २२-१८३४५ | अथणी | ०३-०६-२०२२ | ११-०२-२०२४
९८६२ | २२-१८३४५ | मिरज | ११-०२-२०२४ | ३१-१२-९९९९

भेटीच्या ओळीत नोंदणी क्रमांकाऐवजी ही ‘की’ बसते. २०२३ च्या भेटीला ४१०७, ती कायमची. जोडताना अट ‘पासून’ धरून आणि ‘पर्यंत’ सोडून लिहायची. दोन्ही टोकं धरली तर ११ फेब्रुवारीची भेट दोन्ही ओळींना चिकटते आणि दोनदा मोजली जाते. ही चूक वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण फरक दोन-चार रुग्णांचाच पडतो.

खाट, वॉर्ड, उपचार करणारे डॉक्टर, पैसे भरायचा प्रकार, सगळ्याला हेच लागू. रोखीने दाखल झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी योजनेत गेला की एचएमएसमध्ये रोखीचा मागमूस राहत नाही.

भडंगप्रेमी

कोटेशन देणाऱ्यांनी यातलं काही सांगितलं नसणार, पैज लावतो.

कृष्णाकाठ_एमआरडी

‘पेटाबाइट स्केल’ असं लिहिलंय त्यात. :)

एक शंका. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून तिथे रिपोर्ट काढले तर ते वेअरहाउस झालं का?

तंबोरा

पेटाबाइट सोडा. हिशेब करा: रोज २,५०० ओळी म्हणजे वर्षाला सव्वानऊ लाखाच्या आत, पाच वर्षांत ४५ लाखांच्या आसपास. एक ओळ २०० बाइटची धरली तरी ९०० एमबी, पार्केट (रकान्याने साठवणाऱ्या) फाइलमध्ये दाबून त्याहून बरंच कमी. १६ जीबी रॅमच्या साध्या पीसीवर डकडीबी (अशा विश्लेषणासाठीचा डेटाबेस) हे काही सेकंदांत चाळून देतं.

रिस्टोअरचा मार्ग चांगला आहे, आधी तोच करा. खिडकी मोकळी होते, आणि बॅकअप खरंच उघडतो की नाही हेही रोज तपासलं जातं. नुसती बॅकअपची फाइल असणं म्हणजे बॅकअप असणं नव्हे. पण त्याला वेअरहाउस म्हणू नका. ती कालच्या डेटाबेसची झेरॉक्स आहे, पुसलेलं तिथेही पुसलेलंच.

दोन अडचणी सांगून ठेवतो. दुसऱ्या मशीनवरही एक्सप्रेस असेल तर १० जीबीच्या वरचा डेटाबेस तिथे रिस्टोअर होत नाही. आणि डेव्हलपर आवृत्ती फुकट असली तरी रोजच्या खऱ्या कामाला तिचा परवाना चालत नाही. म्हणून दुसऱ्या मशीनवर पोस्टग्रेस (फुकट डेटाबेस) टाका, त्याला आकाराची मर्यादा नाही. रिस्टोअर केलेल्या प्रतीतून त्यात रात्री माल ओढा. एक्सप्रेसला एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नाही, त्यामुळे विंडोज टास्क शेड्युलरमधून दोन वाजता स्क्रिप्ट लावा.

टेम्पोरल टेबल (जुन्या ओळी आपोआप जपणाऱ्या) एक्सप्रेसमध्ये मिळतात हे खरं, पण एचएमएसच्या टेबलींना हात लावला की विक्रेता एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) बोट ठेवतो, आणि इतिहासाच्या ओळींनी १० जीबी अजून लवकर भरतात. इतिहास बाहेरच ठेवा.

लॅबवाली

रात्रीचा माल कसा ओढणार ते कुणी लिहिलं नाही. बहुतेक जण ‘शेवटचा बदल’ या तारखेच्या रकान्यावरून कालपासूनचं उचलतात. त्यातून दोन गोष्टी सुटतात. कायमची डिलीट केलेली ओळ, कारण जी ओळ नाही तिला तारीखही नाही. आणि विक्रेत्याच्या माणसाने थेट डेटाबेसमध्ये शिरून केलेली दुरुस्ती, कारण तेव्हा तो रकाना बदलत नाही.

शून्य_नव्हे_नल

बरोबर ताई. त्यासाठी दर रात्री मागच्या ४५ दिवसांचा माल पुसून पुन्हा भरायचा. एवढ्या आकाराला तो दोन-तीन मिनिटांचा खेळ.

लॅबवाली

४५ कमी पडतील. साधं कल्चर दोन ते पाच दिवसांत येतं, पण टीबीचं द्रव माध्यमावरचं निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागतात आणि एलजे या घन माध्यमावरचं आठ आठवडे, म्हणजे ५६. मागच्या ६० दिवसांचा माल पुन्हा भरा. नाहीतर सगळी उशिराची कल्चर वेअरहाउसमध्ये कायम ‘प्रलंबित’ राहतील आणि प्रमाण चुकेल.

लॅबचं बाकीचंही सांगते, कारण सगळ्यात जास्त घाण आमच्याकडेच असते.

निकालाचा रकाना एचएमएसमध्ये मजकुराचा असतो. त्यात ७.२ असतं, ‘<०.०१’ असतं, ‘निल’, ‘रिपीट’, ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’ सगळं असतं. अंकात बदलताना जे बदलत नाही ते शून्य करून टाकणारी स्क्रिप्ट हमखास सापडते, आणि मग सरासरी खाली येते. तीन रकाने करा: जसा आला तसा मजकूर, अंक, आणि चिन्ह. अंक काढता आला नाही तर तो रिकामा राहू दे, शून्य नको.

एकक प्रत्येक ओळीत हवं. बाहेरच्या लॅबकडून साखर मिलिमोलमध्ये आली तर १८ ने गुणायची, क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये आलं तर ८८.४ ने भागायचं. एककच नसलेला क्रिएटिनिन ९० दिसला तर घाबरू नका, तो जवळजवळ नक्की मायक्रोमोलमधला आहे, पण आपोआप बदलू नका, यादीत काढा.

चाचणीचं नाव धरून गट करू नका. ‘एचबीएवनसी’, ‘ग्लायको एचबी’, ‘जीएचबी’ ही एकाच चाचणीची नावं. लॉइंक कोड (चाचण्यांचे जागतिक कोड) लावा, यासाठी ४५४८-४. रोजच्या वापरातल्या चाचण्या दीड-दोनशेच असतात, दोन दुपारींत हाताने होतात.

संदर्भ मर्यादा निकालाच्या ओळीतच साठवा. मशीन किंवा अभिकर्मक (चाचणीचं रसायन) बदलला की मर्यादा बदलते, आणि आजची मर्यादा २०२१ च्या निकालाला लावली तर ‘असामान्य’ची संख्या खोटी ठरते.

आणि वेळ. मशीनमधलं सॉफ्टवेअर कधी कधी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) साठवतं. पहाटे दोनचा नमुना आदल्या रात्री साडेआठचा दिसला, तर साडेपाच तासांचा हाच घोळ.

कृष्णाकाठ_एमआरडी

हे सगळं आमच्याकडे आहे. यूटीसीसुद्धा. आता कळलं की काही निकाल नमुना घेण्याच्या आधी कसे येतात.

बिलाचा एक रिपोर्ट मात्र भलताच फुगतो. एका विभागाची महिन्याची वसुली अख्ख्या रुग्णालयापेक्षा जास्त दिसते.

तंबोरा

दाखल रुग्णाच्या टेबलला लॅब आणि औषधं दोन्ही एकाच वेळी जोडलीत ना? एका रुग्णाच्या ८ चाचण्या आणि १२ औषधं असतील तर जोडून ९६ ओळी होतात. बिल ४०,००० चं, आणि बेरीज ३८,४०,०००. ‘डिस्टिंक्ट’ (सारखी किंमत एकदाच धरणं) लावून हे झाकलं जातं, सुटत नाही. दोन रुग्णांचं बिल योगायोगाने सारखं निघालं की त्यातलं एक गायब.

वेअरहाउसमध्ये पहिलं वाक्य लिहायचं ते ‘या टेबलातली एक ओळ म्हणजे काय’ हे. तुम्हाला चार टेबली पुरतील. निकाल: एक ओळ म्हणजे एका नमुन्यातल्या एका घटकाचा निकाल. बिल: एक ओळ म्हणजे पावतीवरची एक बाब. दावा: एक ओळ म्हणजे एक दावा, आणि त्यात पूर्वमंजुरी, सादर, शंका, मंजूर, जमा अशा तारखांचे वेगवेगळे रकाने, जे भरतील तसे भरतात. या टेबलात मात्र ओळ बदलायला मुभा. ‘किती दिवसांनी पैसे येतात’ ही मग दोन रकान्यांची वजाबाकी. जमा न झालेले दावे त्या सरासरीत नसतात, ते वेगळे मोजा, नाहीतर सगळ्यात वाईट थकबाकीच सरासरी चांगली दाखवते.

चौथी, खाट-रात्र: एक ओळ म्हणजे एक खाट, एक मध्यरात्र. ही एचएमएसमध्ये कुठेच नसते, रोज काढून साठवावी लागते. १५० खाटा गुणिले ३० म्हणजे ४,५०० ओळी. त्यातल्या ३,३३० भरलेल्या असतील तर वापर ७४ टक्के. सकाळी येऊन संध्याकाळी गेलेला डे-केअर यात दिसत नाही, तो वेगळा मोजायचा हे लेखी ठरवून घ्या.

वारणाकाठ

परत दाखल होण्याबद्दल. मिरजेत कॅन्सरचं काम मोठं. केमोची पाळी बहुतेकदा २१ दिवसांची असते, म्हणजे असा प्रत्येक रुग्ण ३० दिवसांच्या व्याख्येत ‘परत दाखल’. डायलिसिसचंही तेच. नियोजित दाखल आधी वगळा, नाहीतर उत्तम चालणारा विभाग सगळ्यात वाईट दिसेल.

तालुक्याचं तर विचारू नका. मोकळ्या रकान्यात ‘जत’, ‘जत्त’, ‘जथ’ तिन्ही सापडतात. इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, त्यामुळे जुन्या-नव्या नावांनी एकच गाव दोनदा येतं. आणि खानापूर! एक आपल्या जिल्ह्यातला, विट्याचा, एक बेळगाव जिल्ह्यातला. मिरजेला दोन्हीकडून रुग्ण येतात. नुसतं ‘खानापूर’ लिहिलेलं असेल तर पिनकोड बघा. पिनकोडही नसेल तर ‘अनिश्चित’मध्ये टाका, बहुमताने विट्याला देऊन टाकू नका. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे कोड वापरा, नाव बदललं तरी जोडणी तुटत नाही.

तारखांचीही टेबल करा. २०१६ ते २०२५ म्हणजे ३,६५३ ओळीच. त्यात आर्थिक वर्ष, सुट्टी, ऊसतोडीचा हंगाम, आणि महापुराचे दिवस असे रकाने ठेवा. ऑगस्ट २०१९ ची ओपीडी २०१८ शी ताडून ‘घट’ काढणारा रिपोर्ट निरर्थक आहे. त्या आठवड्यात सांगलीत रस्त्यावरून बोटी चालत होत्या. जुलै २०२१ लाही खूण करा. पुरानंतरचे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण बघायचे तर आयसीडी-१० (आजारांच्या कोडची जागतिक यादी) मधला ए२७ घ्या, पण दाखल होतानाचं तात्पुरतं निदान आणि घरी जातानाचं अंतिम निदान वेगळ्या रकान्यात हवं. डेंग्यूला आधी ए९० होता, नंतरच्या आवृत्तीत ए९७ आला. कोडच्या यादीलाही ‘पासून–पर्यंत’ लागतं ते यासाठीच.

(जाता जाता: ते दुसरं मशीन तळमजल्यावर ठेवू नका हो.)

हळदपेठ

एकाच माणसाच्या दोन नोंदी कशा ओळखायच्या? ‘कांबळे’ तीन तऱ्हांनी लिहितात, लग्नानंतर नाव बदलतं, कर्नाटकातले लोक आडनाव आधी लावतातच असं नाही.

शून्य_नव्हे_नल

नावावरून कधीच नाही. मोबाईलवरूनही नाही, एक नंबर अख्ख्या घराचा असतो. चौदा आकडी आभा (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) असेल तर सोनं, पण ते सगळ्यांकडे नसतं. जन्मतारखेवर विसंबण्याआधी १ जानेवारीला जन्मलेले किती आहेत बघा. नोंदणीत नुसतं वय विचारलं की सॉफ्टवेअर तीच तारीख टाकतं. मराठी नावं ‘वारचार’ (देवनागरी न साठवणाऱ्या) रकान्यात गेली असतील तर ती आता प्रश्नचिन्हं आहेत, परत येत नाहीत, रकाना ‘एनवारचार’ हवा होता.

जुळणाऱ्या जोड्या वेगळ्या टेबलात ठेवा, कुणी आणि कधी जोडल्या त्यासह. मूळ ओळी एकत्र करू नका. चुकीचं लग्न लागलं तर मोडता आलं पाहिजे.

लॅबवाली

गोपनीयतेचं राहिलं. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण त्याच्याही आधी एचआयव्ही कायदा २०१७ आणि एमटीपी (गर्भपाताचा) कायदा १९७१ ओळख उघड करायला मनाई करतात. या दोन प्रकारच्या नोंदी ओळखीसकट वेअरहाउसमध्ये आणूच नका.

मोबाईलचा नुसता हॅश (नंबरावरून गणिताने काढलेला सांकेतिक मजकूर) म्हणजे लपवणं नव्हे. भारतीय नंबर ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. सगळ्यांचे हॅश काढून ताडून बघणं एका मशीनचं काम आहे. नाव, मोबाईल, पत्ता आत आणायचेच नाहीत, तालुका आणि वयोगट पुरे. आणि पाचपेक्षा कमी आकडा आला की ‘५ पेक्षा कमी’ असंच दाखवा. छोट्या गावात ‘१’ म्हणजे नावच सांगितल्यासारखं.

कृष्णाकाठ_एमआरडी

भरपूर मिळालं. स्नॅपशॉट आणि रिस्टोअर या आठवड्यात, पोस्टग्रेसमध्ये आधी फक्त खाट-रात्र आणि दावा, लॅब नंतर. डिस्चार्ज काउंटरला जुने निकाल पटकन दिसावेत म्हणून त्यांनाही याच वेअरहाउसवर जोडायचं का?

तंबोरा

अजिबात नको. तिथला डेटा रात्री दोनपर्यंतचा. सकाळी पोटॅशियम ६.५ आलं आणि काउंटरवर कालचं ४.१ दिसलं तर काय? रुग्णासमोरचं सगळं एचएमएसवरूनच.

सुरुवात खाट-रात्रपासून हे उत्तम. पहिला महिनाभर रोजचा आकडा वॉर्डच्या सिस्टरांच्या मध्यरात्रीच्या रजिस्टरशी ताडा. वेअरहाउसचा आकडा जास्त आला तर स्क्रिप्ट तपासण्याआधी डिस्चार्जची तारीख रिकामी असलेल्यांची यादी काढा. बिल भरून गेलेले पण सिस्टीममध्ये २०२१ पासून खाटेवर झोपलेले दहा-पंधरा जण त्यात निघतील.